व्हेरियंटचं नाव मोठं की काट्याची पकड? ‘डबल म्यूटंट’च्या जिल्ह्यातून नव्या कोरोनाचा हिशेब

२०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस येऊन गेला आणि मग दडी मारून बसला. पेरायचं की थांबायचं या घोरात लोक असताना मोबाईलवर पुन्हा तेच जुनं नाव फिरू लागलं. मुंबई-पुण्यात कोरोना, केरळात कोरोना, आणि जूनच्या मध्यापर्यंत देशातल्या ॲक्टिव्ह रुग्णांचा आकडा सात हजारांपुढे. सोबत नव्या नावांची यादी: एनबी.१.८.१, एलएफ.७, एक्सएफजी, जेएन.१. आयसीएमआरचे महासंचालक डॉ. राजीव बहल यांनी मे अखेरीस ही चार नावं सांगितली होती. आजार एकंदरीत सौम्य आहे, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितलं. पण व्हॉट्सॲपवर पहिलं वाक्य फिरलं, दुसरं रस्त्यात सांडलं.

चहाच्या टपरीवर आता दोन पार्ट्या झाल्यात. एक म्हणते, “नवा व्हेरियंट हाय, डबल खतरनाक.” दुसरी म्हणते, “काही नाही भाऊ, सर्दी-पडसं हाय, सोडा.” दोघांनाही कारण विचारलं तर मोबाईल पुढे करतात.

विषाणूच्या अंगावरच्या एका प्रोटीनमध्ये बदल होतो म्हणजे नेमकं काय होतं, त्यानं तो जास्त का पसरतो, आणि जास्त पसरणं म्हणजे जास्त मारणं का, हे नीट पाहिलं तर दोन्ही पार्ट्यांचं अर्धं-अर्धं चुकतं. आणि अमरावती जिल्ह्यातल्या माणसाला हे समजून घ्यायचं जास्तीचं कारण आहे. २०२१ मध्ये जगभर गाजलेल्या ‘डबल म्यूटंट’ची गोष्ट आपल्याच भागातून जाते.

फेरफार म्हणजेच म्यूटेशन

म्यूटेशन हा शब्द आपल्याला नवा नाही. सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे जो फेरफार टाकतो, त्याला महसुलाच्या इंग्रजी कागदात म्यूटेशनच म्हणतात. गट नंबर तोच राहतो, नाव बदलतं. विषाणूतही तसंच आहे.

कोरोनाचा विषाणू म्हणजे एक गोळा, त्यावर सगळीकडून काटे. सूक्ष्मदर्शकाखाली हे काटे मुकुटासारखे दिसतात, म्हणून नाव कोरोना. हा काटा प्रोटीनचा आहे, डॉक्टर त्याला स्पाईक प्रोटीन म्हणतात. आपण काटाच म्हणू. एका काट्यात तीन सारख्या साखळ्या दोरासारख्या एकमेकीत पिळलेल्या असतात आणि प्रत्येक साखळीत १,२७३ मणी असतात. मणी एकूण २० प्रकारचे, प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर दिलेलं. आता तुम्ही बातमीत ‘डी ६१४ जी’ वाचलं, तर त्याचा अर्थ एवढाच: गट नंबर ६१४, जुनं नाव डी, नवीन नाव जी. झाला फेरफार.

हा फेरफार कोणी मुद्दाम टाकत नाही. विषाणूचा सगळा कारभार सुमारे ३० हजार अक्षरांच्या एका लांब चिठ्ठीवर लिहिलेला असतो. तो आपल्या पेशीत शिरला की या चिठ्ठीच्या नकला निघतात, आणि नकला काढताना अक्षर चुकतं. कोरोनाकडे चूक तपासायची थोडी सोय आहे, म्हणून फ्लूच्या मानानं चुका कमी. तरी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाता जाता महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलतात. बहुतेक चुका बिनकामाच्या. काहींनी विषाणूच लंगडा होतो आणि तिथंच संपतो. लाखात एखादी चूक अशी पडते की त्याला फायदा होतो. मग त्याचीच पिलावळ वाढते आणि बाकीचे मागे पडतात.

कपाशीवाल्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. बीजी-२ कपाशी आली तेव्हा गुलाबी बोंडअळी मरत होती. २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंड फोडलं की आत अळी निघत होती. अळीनं कुठं शाळेत जाऊन विष पचवायचं शिक्षण घेतलं नव्हतं. ज्या थोड्या अळ्या आधीपासून वेगळ्या होत्या त्या वाचल्या, त्यांचीच संख्या झाली. ‘विषाणू हुशार झाला’ असं टीव्हीवाले म्हणतात तेव्हा ही बोंडअळी आठवावी.

तीन कामं, एक काटा

काट्याला आत शिरायला मुख्यतः तीन कामं जमावी लागतात. हे तीन वेगवेगळे ठेवले की सगळ्या व्हेरियंटांचा गोंधळ सुटतो.

पहिलं काम पकड. आपल्या नाकातल्या, घशातल्या, फुप्फुसातल्या पेशींवर एसीई-२ नावाचं एक प्रोटीन असतं. ते शरीराच्या दुसऱ्या कामासाठी आहे, पण विषाणूला ते कुलपासारखं सापडलं. काट्याच्या टोकाजवळचा सव्वादोनशे मण्यांचा भाग या कुलपाला धरतो. इथं एखादा मणी बदलला की किल्ली जास्त घट्ट किंवा सैल बसते.

दुसरं काम काप. नुसतं धरून चालत नाही. काटा मधोमध कापला गेला तरच तो उघडून पेशीत घुसतो. आणि गंमत बघा, कापायची कात्री विषाणूकडे नाही, ती आपलीच आहे. फ्युरिन नावाचं पाचकद्रव्य आपल्या पेशींत असतं, ते नवा विषाणू तयार होतानाच काट्याला खाच पाडून ठेवतं. नंतर पेशीच्या दारावर दुसरी कात्री उरलेलं काम करते. फ्युरिनची खाच पडते ती जागा ६८५ नंबरच्या शेजारी आहे. हे आकडे लक्षात असू द्या, पुढं कामाचे आहेत.

तिसरं काम वेश बदलणं. एकदा आजार होऊन गेला किंवा लस घेतली की शरीरात अँटिबॉडी तयार होतात. त्या काट्याच्या ठरावीक जागा ओळखून तिथं चिकटतात आणि किल्ली कुलपात जाऊ देत नाहीत. त्या जागेवरचा मणी बदलला की अँटिबॉडीला ओळख पटत नाही. गड्याचं नाव बदलून दुसऱ्या वॉर्डात मतदान करावं तसं.

बारावीच्या बायोलॉजीत हे आम्हाला नव्हतं. पण समजायला फवारणीच्या औषधाचं लेबल वाचण्यापेक्षा अवघड नाही.

मूळ विषाणूपासून अल्फापर्यंत

२०२० च्या सुरुवातीला चीनमधून जो विषाणू निघाला, त्यात ६१४ नंबरवर डी होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये युरोपात जी असलेला वाढू लागला आणि २०२० च्या मध्यापर्यंत जगभर तोच झाला. आपल्याकडं पहिल्या लाटेत जो फिरला, तोही मुख्यतः हाच. ६१४ ही जागा कुलपाला धरणाऱ्या भागात नाही. मग फायदा कसा झाला? प्रयोगशाळेत दिसलं की या एका बदलानं काट्याचे दोन तुकडे एकमेकांना जास्त घट्ट धरून राहतात, काटा आधीच गळून पडत नाही, आणि त्याचं टोक जास्त वेळ उघडं राहतं. म्हणजे गाडी तीच, फक्त चाकाचे ढिले नट कसले.

मग सप्टेंबर २०२० मध्ये इंग्लंडच्या केंट भागातल्या नमुन्यात अल्फा सापडला. त्याच्यात ५०१ नंबरवर एनच्या जागी वाय आला होता. ही जागा थेट किल्लीच्या दात्यावरची. पकड घट्ट झाली. आधीच्यापेक्षा हा साधारण दीडपट पसरतो, असा अंदाज निघाला.

आमचा जिल्हा आणि ‘डबल म्यूटंट’

फेब्रुवारी २०२१ आठवा. देशभर कोरोना उतरणीला लागलेला, लग्नसराई सुरू, आणि आपल्याकडं मात्र आकडे उलटे चढू लागले. २२ फेब्रुवारीपासून अमरावती शहर आणि अचलपूरमध्ये लॉकडाऊन लागला. मुंबईचे पत्रकार विचारत होते, अमरावतीतच काय झालं? लोकांनी आपापली उत्तरं काढली. कोणी म्हणे लग्नं, कोणी म्हणे ग्रामपंचायतीच्या निवडणुका, कोणी म्हणे टेस्टच खोट्या.

त्याच दिवसांत राज्याच्या आरोग्य खात्याकडून सांगितलं गेलं की अमरावती, यवतमाळच्या नमुन्यांत ब्रिटन, दक्षिण आफ्रिका किंवा ब्राझीलचा स्ट्रेन आढळला नाही. ते खरं होतं. पण ऐकणाऱ्यानं त्याचा अर्थ ‘काळजी नाही’ असा घेतला. परदेशी पाहुणा आला का हे तपासलं गेलं, घरात काय वाढतंय ते नंतर कळलं. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं जाहीर केलं की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन खास बदल असलेला विषाणू आहे: ई ४८४ क्यू आणि एल ४५२ आर. लॉकडाऊनपासून या घोषणेपर्यंत ३० दिवस गेले. तोवर होळी तोंडावर आली होती.

‘डबल म्यूटंट’ हे नाव तिथून आलं आणि त्यानं फार घोळ केला. लोकांना वाटलं दोन विषाणू एकत्र आले, किंवा दुप्पट ताकदीचा झाला. प्रत्यक्षात त्याच्यात डझनभराहून जास्त बदल होते. त्यातले दोन ओळखीचे होते, म्हणून ते बातमीत आले. ४५२ आणि ४८४ या दोन्ही जागा काट्याच्या टोकाकडच्या, पकड आणि वेश या दोन कामांच्या.

बातमीत आला नाही तो तिसरा बदल: पी ६८१ आर. मघाची खाच आठवा. ६८१ नंबर त्या खाचेला अगदी लागून आहे. तिथं पीच्या जागी आर आला आणि फ्युरिनच्या कात्रीला धरायला जागा चांगली झाली. काटे जास्त प्रमाणात आधीच कापून तयार राहू लागले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातले नमुने तपासून जो अभ्यास छापला, त्यात त्यांनी हेच मांडलं: ४५२, ४७८ आणि ४८४ च्या बदलांनी पकड वाढू शकते, आणि ६८१ च्या बदलानं काप जास्त होऊन प्रसार वाढू शकतो.

पुढं जे झालं ते जास्त बोलकं आहे. ‘डबल म्यूटंट’च्या घरात सख्खे भाऊ होते. एकाकडं ४५२, ४८४ आणि ६८१ असे बदल होते, त्याला नंतर कप्पा नाव मिळालं. दुसऱ्याकडं ४८४ चा बदल नव्हताच, त्याच्याऐवजी ४७८ वर टीच्या जागी के होता. एप्रिल २०२१ मध्ये हा दुसरा भाऊ पुढं निघाला आणि बघता बघता देशभर झाला. तोच डेल्टा. ११ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं या घराण्याला चिंतेचा व्हेरियंट ठरवलं, ३१ मे रोजी डेल्टा हे नाव दिलं. म्हणजे ज्या बदलामुळं ‘डबल’ म्हणून जग घाबरलं होतं, तो बदल टाकून दिलेलाच जिंकला. आणि ज्याचं बातमीत नाव नव्हतं तो ६८१ दोन्ही भावांकडं होता. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी नंतर डेल्टाचा हा एकच मणी उलटा फिरवून पाहिला, आर काढून परत पी बसवला, तर त्याची वाढ अल्फापेक्षाही कमी झाली. जपानमध्ये हॅमस्टर प्राण्यांवर पाहिलं, तर हा एक बदल असलेला विषाणू जास्त आजारी पाडतो असं दिसलं, कारण तो शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत विरघळवतो.

डेल्टा अल्फापेक्षाही साधारण दीडपट पसरतो, असा अंदाज ब्रिटनमधून आला. आणि तिथंच दिसलं की दवाखान्यात भरती व्हायचा धोकाही अल्फाच्या साधारण दुप्पट. एप्रिल-मे २०२१ मध्ये आपल्या गावागावातून ऑक्सिजनच्या बेडसाठी नागपूरपर्यंत गाड्या धावल्या, ते कोणी विसरलेलं नाही. त्यात फक्त ६८१ चा दोष होता असं नाही. गर्दी होती, लस थोड्यांनाच मिळाली होती, दवाखाने कमी होते. पण या सगळ्याला ज्या गोष्टीनं एकदम पेटवलं, ती काट्यावरची एक खाच होती.

जास्त पसरणारा की जास्त मारणारा?

“पसरला तर पसरला, मारत तं नाही ना?” हे वाक्य मी या महिन्यात दहादा ऐकलं. साधा हिशेब मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत.

एका तालुक्यात १०० रुग्ण आहेत. प्रत्येक जण सरासरी १.२ लोकांना देतो. अशा सहा फेऱ्या झाल्या, म्हणजे साधारण महिनाभर, तर सहाव्या फेरीत सुमारे ३०० नवे रुग्ण. शंभरात एक दगावतो असं धरलं तर ३ मृत्यू. आता समजा विषाणू पसरायला तेवढाच राहिला, पण दुप्पट मारक झाला. मृत्यू ६.

आता उलटं करा. मारकपणा तेवढाच, पण प्रत्येक जण १.२ ऐवजी १.८ लोकांना देतो, म्हणजे दीडपट. सहाव्या फेरीत सुमारे ३,४०० रुग्ण. मृत्यू ३४. आणि हे ३,४०० लोक एकाच आठवड्यात दवाखान्याच्या दारात.

मारकपणा दुप्पट झाला तर दुप्पटच मरतात. पसरणं दीडपट झालं तर महिन्यात अकरापट. व्याजावर व्याज चढतं तसं. सावकारी ज्यानं पाहिली त्याला हे पटायला वेळ लागत नाही. म्हणून टपरीवरच्या दुसऱ्या पार्टीचं ‘सोडा’ हे उत्तर अर्धंच आहे. २०२१ मध्ये ते फार महाग पडलं.

पण हा हिशेब खरा व्हायला एक अट आहे. समोरची माणसं कोरी असली पाहिजेत. २०२१ मध्ये बहुतेक कोरीच होती.

नाव मोठं, लक्षण खोटं

जून २०२१ मध्ये ‘डेल्टा प्लस’ आला. नावातच प्लस, त्यामुळं चॅनेलवाल्यांची चांदी. महाराष्ट्रात तेव्हा २१ रुग्ण सांगितले गेले, सगळ्यात जास्त रत्नागिरी आणि जळगाव जिल्ह्यांत. डेल्टावर एक जास्तीचा फेरफार होता, के ४१७ एन. पुढं काय झालं? काही नाही. तिसरी लाट त्याची आली नाही. कारण ४१७ च्या बदलानं वेश थोडा बदलतो, पण कुलपावरची पकड ढिली होते. इकडून आलं, तिकडून गेलं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन आला, तो वेगळाच हिशेब होता. एकट्या काट्यावर ३० पेक्षा जास्त बदल. त्यात तो ४१७ चा पकड ढिली करणारा होता, आणि अल्फाचा ५०१ चा पकड घट्ट करणारा पण होता. एकानं गमावलं ते दुसऱ्यानं भरून काढलं. बाकीचे बरेच बदल वेशाचे. म्हणून ज्यांना आधी होऊन गेला होता, ज्यांनी दोन डोस घेतले होते, त्यांनाही झाला. घरंच्या घरं पडली. पण ओमिक्रॉनच्या काट्याला कात्रीचं काम डेल्टासारखं जमत नव्हतं. तो पेशीत शिरायला दुसरी, मागची वाट जास्त वापरतो, आणि ती वाट नाक-घसा-श्वासनळीत सोपी, फुप्फुसाच्या खोल भागात अवघड. हाँगकाँग विद्यापीठात माणसाच्या काढलेल्या ऊतींवर पाहिलं, तर श्वासनळीच्या फांदीत ओमिक्रॉन २४ तासांत डेल्टाच्या सुमारे ७० पट वाढला, आणि फुप्फुसात मात्र मूळ विषाणूच्या दहापट कमी. वर वाढला म्हणून खोकल्या-शिंकण्यातून जास्त पसरला. खाली कमी वाढला म्हणून न्यूमोनिया कमी. पसरणं आणि मारणं एकाच दोरीनं बांधलेलं नाही, हे इतकं उघड कधी दिसलं नव्हतं.

आता सध्या फिरतात ते सगळे या ओमिक्रॉनचेच नातू-पणतू. त्यातल्या जेएन.१ ची गोष्ट मला फार पटते. त्याच्या आज्याच्या तुलनेत त्याच्या काट्यावर एकच मोठा फेरफार झाला: ४५५ नंबरवर एलच्या जागी एस. या बदलानं पकड घट्ट झाली नाही, उलट सैल झाली. तरी डिसेंबर २०२३ पासून तो जगभर पुढं गेला. का? कारण तोवर जगात कोरी माणसं उरली नव्हती. सगळ्यांकडं अँटिबॉडी. अशा वेळी घट्ट किल्लीपेक्षा न ओळखता येणारा चेहरा जास्त कामाचा. २०२१ ला पकड आणि काप यांनी बाजी मारली, आता वेश बाजी मारतो.

एनबी.१.८.१ च्या काट्यावर ४३५, ४४५, ४७८ अशा जागी बदल आहेत. ४७८ हा तोच गट, ज्याच्यावर डेल्टानं फेरफार केला होता. तिथं टीचा के झाला होता, आता आय आला. एकाच वावरावर तिसरं नाव. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२५ मध्ये याला लक्ष ठेवायच्या यादीत टाकलं आणि जगभराच्या दृष्टीनं जास्तीचा धोका कमी असल्याचं सांगितलं.

धोका कमी का, याचं उत्तर काट्याच्या बाहेर आहे. अँटिबॉडी चेहरा ओळखते. पण शरीरात टी पेशी नावाचे दुसरे राखणदार असतात. ते विषाणूनं बिघडवलेली पेशी शोधून मारतात, आणि त्यांना विषाणूचे बारीक-सारीक कितीतरी तुकडे ओळखीचे असतात. काट्यावरचे चार मणी बदलून त्यांना फसवता येत नाही. म्हणून आज लागण होते, ताप येतो, पण धडधाकट माणूस बहुतेक वेळा घरीच बरा होतो. टपरीवरच्या पहिल्या पार्टीचं ‘डबल खतरनाक’ इथं चुकतं.

लसवाल्यांनी सोडला का?

हा मेसेज वर्षानुवर्षं मरत नाही. “लस टोचली म्हणून म्यूटंट तयार झाले.” तारखा पाहा. अल्फा पहिल्यांदा सप्टेंबर २०२० च्या नमुन्यात. डेल्टाच्या घराण्याचा पहिला नमुना भारतात ऑक्टोबर २०२० चा. आपल्या देशात पहिली लस टोचली १६ जानेवारी २०२१ ला. पोराचा जन्म आधी आणि बापाचं लग्न नंतर, असं हे म्हणणं आहे.

हो, एक गोष्ट खरी. समाजात अँटिबॉडी वाढल्या की वेश बदललेल्या विषाणूला फायदा मिळतो. पण अँटिबॉडी आजारानंही येतात आणि लसीनंही. आणि विषाणूच्या जितक्या जास्त नकला निघतील तितक्या चुका जास्त. मोकाट पसरू दिलं तर नव्या व्हेरियंटची लॉटरी तो जास्त वेळा खेळतो.

तपासणीच्या नावानं चांगभलं

मला खरी काळजी वेगळीच वाटते. साधी आरटीपीसीआर फक्त आहे की नाही एवढं सांगते. कोणता व्हेरियंट, ते कळायला विषाणूची ३० हजार अक्षरं वाचावी लागतात. त्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं प्रयोगशाळांची एक साखळी उभी केली, इन्साकॉग. तिच्या नोंदीत २०२५ च्या मे अखेरपर्यंत एनबी.१.८.१ चा एक नमुना होता, एप्रिलमधला, तमिळनाडूचा. एलएफ.७ चे चार, गुजरातचे. १४० कोटींच्या देशात पाच नमुन्यांवर आपण महिनाभर चर्चा केली. शहरात लोक तपासतात, म्हणून शहरात सापडतो. धारणी-चिखलदऱ्यात कोणी तपासलंच नाही तर तिथं काय फिरतंय ते कोणाला कळणार?

मी गेल्या आठवड्यात आपल्याच भागातल्या एका आरोग्य केंद्रात विचारलं, कोरोनाची टेस्ट होते का? उत्तर मिळालं, “किट नाही, आणि वरून सांगितलंही नाही.” डॉक्टरांचा दोष म्हणून हे लिहीत नाही. २०२१ मध्ये आपला जिल्हा आधी पेटला आणि कारण महिन्यानं कळलं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून प्रत्येक तालुक्यातून महिन्याला थोडे नमुने जरी नियमित वाचायला गेले तरी पुरे. ताप-खोकल्याच्या सगळ्यांची तपासणी करा असं कोणी म्हणत नाही. रस्ता-नाली सोडून हा प्रश्न कोणी विचारेल का, ते पाहू.

म्हातारीला दिंडीत पाठवावं का?

कौंडण्यपूरहून रुक्मिणी मातेची पालखी पंढरपूरला जाते. २०२५ च्या जूनमध्ये जिल्ह्यातल्या किती तरी दिंड्या वाटेवर होत्या किंवा निघायच्या होत्या. त्या वर्षी ६ जुलैला आषाढी एकादशी होती. बऱ्याच जणांनी फोन करून हेच विचारलं.

तब्येत ठणठणीत असेल तर व्हेरियंटच्या नावावरून घरी बसवायचं कारण तेव्हा दिसत नव्हतं. शुगर, दम्याचा त्रास, हृदयाचं ऑपरेशन, किडनी, कॅन्सरचं औषध यांतलं काही असेल तर आधी डॉक्टरला विचारा. कारण वर सांगितलेले टी पेशींचे राखणदार अशा माणसात कमी पडू शकतात. मुक्कामाच्या शाळेत, मंगल कार्यालयात खिडक्या उघड्या ठेवायला लावा. विषाणू हवेतून जातो, आणि लागण झालेला माणूस लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून तो सोडत असतो. सोबतच्या कोणाला ताप-खोकला असेल तर त्यानं तोंडाला नीट बसणारा मास्क लावावा, आणि शक्य असेल तर वेगळं झोपावं.

ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, चालताना धाप लागली, किंवा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा गेला तर व्हेरियंट कोणता हे विचारत बसू नका. रिपोर्टात ते येत नाही, आणि आलं तरी उपचार तेच आहेत. जवळचा दवाखाना गाठा. दिंडीप्रमुखाकडं एक ऑक्सिमीटर आणि वाटेवरच्या ग्रामीण रुग्णालयांचे फोन नंबर असले तर बरं. मीटर मेडिकलवर मिळतं, सेल तेवढे नवे टाकून घ्या.